पाचवरचा उंचवटा

कल्पना करा, तुमच्या डाव्या हातात चिठ्ठ्यांचा गठ्ठा आहे आणि उजवा हात कीबोर्डवर, अगदी कडेच्या आकड्यांच्या चौकोनावर. मधलं बोट पाचवर. त्या बटणावर मोहरीएवढा उंचवटा असतो; तो बोटाला लागला की हात जागेवर आला. आता डोळे चिठ्ठीवरून हलवायचे नाहीत. वरची ओळ सात-आठ-नऊ, मधली चार-पाच-सहा, खालची एक-दोन-तीन. चिठ्ठीवर ५६.२ दिसलं की पाच, सहा, टिंब, खाली दोन, एंटर. मोठ्याने म्हणायचं नाही, मनातही म्हणायचं नाही. आकडा डोळ्यांतून थेट बोटांत उतरला पाहिजे. हे भराभर करा, आणि असं एकोणीस वर्षं करा.

मग तुम्ही आकडेताईंच्या जवळपास पोचाल.

त्यांना सगळे आकडेताईच म्हणतात. चौदा खाटांच्या एका डायलिसिस केंद्रात त्या नोंदी करतात. पेशंटच्या अंगात दोन दिवसांचं पाणी साठलेलं असतं. तो आला की काट्यावर उभा राहतो. आजच्या वजनातून त्याचं कोरडं वजन, म्हणजे जादा पाणी नसतानाचं वजन, वजा करायचं. उरेल तेवढं पाणी यंत्राने चार तासांत काढायचं. कमी काढलं तर रात्री घरी धाप लागते. जास्त काढलं तर रक्तदाब कोसळतो, पायांत गोळे येतात, माणूस पांढराफटक पडतो. वजनमामा काट्यावरचा आकडा चिठ्ठीवर लिहायचे, ताई तो संगणकात घालायच्या, छापलेला कागद खाटेपाशी जायचा. इतकं साधं काम.

ताई मुळातच भित्र्या. हे मी त्यांच्या पाठीमागे बोलत नाहीये, त्यांनीच मला सांगितलं. गॅस बंद केला का हे बघायला त्या जिन्यावरून दोनदा परततात. केंद्राच्या मॅनेजरसाहेबांचं दार लावलेलं दिसलं की त्यांना वाटतं, आत आपल्याबद्दलच चाललंय. याला कारण आहे. विशीत त्या एका टायपिंग क्लासमध्ये शिकवायच्या. एका सोमवारी गेल्या तर दाराला कुलूप आणि काचेतून दिसणारी टेबलं रिकामी. टाइपरायटर भंगारात गेले होते. "मला कुणी सांगितलंसुद्धा नाही," त्या म्हणतात. "कुलपानेच सांगितलं."

घरी नवरा आहे. पूर्वी मालाची गाडी चालवायचा. पाठीचा मणका सरकल्यापासून दोन वर्षं घरात. मुलगी फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला. घर ताईंच्या बोटांवर चालतं.

तर अशा ठिकाणी आम्ही टॅबलेट घेऊन गेलो. आमची कंपनी म्हणजे पाच जण आणि एक कॉफीचं यंत्र. ॲप आम्ही लिहिलं होतं आणि त्यातली आकड्यांची पाटी, म्हणजे आकडे दाबायची बटणं, मी केली होती. मी उत्साहात होतो. साहेबांना सांगत होतो की आता टेबलामागचा संगणक विसरा, संगणक माणसाजवळ जाणार, कागद संपला, चिठ्ठी संपली, काट्यापाशीच नोंद करायची की ती तशीच खाटेपाशी दिसेल. सगळं खरंच होतं. साहेबांनी विचारलं, "मग टेबलावर बसणाऱ्या माणसाचं काय?" मी म्हटलं, गरज पडणार नाही. ताई तेव्हा पाठीमागे प्रिंटरमध्ये कागद भरत होत्या. कागद भरायचा आवाज थांबला, हे मला आज आठवतं. तेव्हा काहीच वाटलं नव्हतं.

नंतर त्या हळूच माझ्यापाशी आल्या. टॅबलेटच्या काचेवरून मधलं बोट फिरवत म्हणाल्या, "अरे, ह्यात पाचवरचा उंचवटा कुठाय?"

मी हसलो. "ताई, काचेला उंचवटा कसा असेल? बघून दाबायचं."

"बघून," त्या म्हणाल्या, आणि काच पदराने पुसून परत दिली.

ठरलं असं की एक महिना चाचणी. काट्यापाशी ताई टॅबलेटवर नोंद करतील. त्यांच्यामुळे वेळ वाचतो असं दिसलं तर त्या राहतील. नाही तर टेक्निशियन पोरं आपापल्या पेशंटची नोंद आपणच करतील. साहेबांनी हे फार गोडीत सांगितलं. ताईंना त्या रात्री झोप लागली नाही.

पहिल्या आठवड्यात त्यांची त्रेधा उडाली. काट्याशेजारच्या स्टुलावर टॅबलेट ठेवून त्या एकेक आकडा शोधून दाबायच्या. मामा "एकसष्ट चार" म्हणायचे आणि ताई वाकून बघत राहायच्या. मागे रांग लागायची.

"ताई, चिमणी दाणे टिपते तसं करताय," टेक्निशियन म्हणाला.

"तू जन्मलास तेव्हा मी मिनिटाला साठ शब्द मारत होते."

"हो, पण आता मी जन्मलोय ना."

सगळे हसले, ताईही हसल्या. घरी जाऊन मात्र त्यांनी भाजी चिरताना नवऱ्याला सांगितलं, "मला काढणार."

"एकोणीस वर्षं रोज हेच सांगतेस," नवरा पडल्या पडल्या म्हणाला. "त्यांना अजून जमलं नाही."

"या वेळी साहेब घड्याळ लावून बघतायत."

शनिवारी संध्याकाळी मुलीने आईची तगमग बघितली. टॅबलेट चार्जिंगसाठी ताईंकडेच असायचा. मुलीने पारदर्शक चिकटपट्टी घेतली, तिची दोन-तीनदा घडी घातली, कात्रीने तांदळाच्या कणीएवढा तुकडा कापला आणि काचेवर पाचच्या बरोबर मधोमध चिकटवला.

"लाव बोट," ती म्हणाली. "आला का उंचवटा?"

ताईंनी डोळे मिटले. मधलं बोट ठेवलं. त्या मला म्हणाल्या, "अरे, माझा हात जागेवर आला रे. मला रडूच यायला लागलं."

सोमवारी ताईंनी सगळ्यांची तोंडं बंद केली. मान वर, डोळे काट्याच्या लाल आकड्यांवर, उजव्या हाताची तीन बोटं काचेवर आणि शेवटी अंगठ्याने हिरवं बटण. चौदा माणसं अकरा मिनिटांत. साहेब घड्याळ बघत उभे होते. त्यांनी भुवया उंचावल्या आणि निघून गेले. मामा म्हणाले, "आता मलाच वेग वाढवायला हवा."

एकच झालं. टेक्निशियन खाटेजवळून ओरडला, "ताई, ह्या काकांचं वजन सहा किलोनं उतरवलंत. एवढं सोपं असतं तर मीही तुमच्याकडून वजन करून घेतलं असतं." सत्तावन्नच्या जागी एक्कावन्न पडलं होतं. त्याने दुरुस्त केलं. बुधवारी पुन्हा एकदा तसंच, या वेळी सहा किलो जास्त. ताईंना वाटलं, घाबरल्यामुळे चुकतंय. घाबरायचं नाही असं त्यांनी स्वतःला बजावलं, आणि त्याने त्या आणखी घाबरल्या.

त्या सोमवारी आणखी काही घडलं होतं. कोडेवाल्या काकू म्हणून एक पेशंट. एका हाताला सुई, दुसऱ्या हातात पेन्सिल. वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवताना सगळ्या हॉलला कामाला लावायच्या. "चार अक्षरी, शेवटी 'ट', अर्थ गोंधळ." त्या दिवशी तिसऱ्या तासाला त्यांचं पेन्सिल धरलेलं बोट सैल पडलं. पायांत गोळे, मग डोळे फिरले. सिस्टरने सलाईन सोडलं, पाय वर केले. काकू परत आल्या, पण संध्याकाळपर्यंत धड बसता येईना. बुधवारी त्या आल्याच नाहीत. मुलाने फोन केला की आम्ही दुसऱ्या केंद्रात नाव घातलंय. आणि मंगळवारी घड्याळकाका. घड्याळं दुरुस्त करणारे, बोलके. तेही तिसऱ्या तासाला पांढरे पडले, ओकले, सावरले.

"होतं असं," सिस्टर म्हणाल्या. खरंच होतं. डायलिसिसमध्ये रक्तदाब उतरणं रोजची गोष्ट. कुणी कशाशी काही जोडलं नाही. जाताना पुन्हा वजन करायची पद्धत होती, पण थकलेली माणसं काट्यावर चढायला कुरकुर करत आणि निम्मी तशीच घरी जात.

गुरुवार आला. सकाळी चौदाही जण यंत्रांना लागले. साडेआठच्या सुमारास ताई टॅबलेट घेऊन खाटांवरून फिरत होत्या. घड्याळकाकांनी त्यांना थांबवलं.

"ताई, माझं बक्षीस राहिलंय."

"कसलं?"

"मंगळवारी काट्यावर काय म्हटलं होतं मी? शनिवारपेक्षा दोनशे ग्रॅम कमी भरलो, बक्षीस द्या. तुम्ही म्हणालात, देते. आणि मग बक्षीस म्हणून मला बेशुद्ध केलंत."

ताई हसल्या. गंमत म्हणून त्यांनी टॅबलेटवर त्यांचं पान उघडलं. शनिवार ५६.४. मंगळवार ५६.८.

"काका, चारशेने जास्त भरलात. बक्षीस रद्द."

"छे. मामांनी छप्पन दोन म्हटलं. माझं वजन मी विसरेन? दोन दिवस पाण्याचा घोट मोजून पितो मी."

छप्पन दोन. ताईंनाही ते ऐकू आल्याचं आठवलं. मामांचा आवाज, काट्यावरचे लाल आकडे, सगळं डोळ्यांसमोर आलं. त्यांनी आजची नोंद बघितली. ५५.३. आणि सकाळी मामा म्हणाले होते, पंचावन्न नऊ.

दोनच्या जागी आठ. नऊच्या जागी तीन. सोमवारी सात होता त्याचा एक झाला होता. फरक सहाचा. दर वेळी सहाचाच.

त्यांनी मला पुढे सांगितलं ते असं: "मी आकड्यांची पाटी उघडली आणि पहिल्यांदा नीट बघितली. म्हणजे वाचली. वरच्या ओळीत एक-दोन-तीन होते रे. खाली सात-आठ-नऊ. मोबाइलसारखं. आठवडाभर मी त्याच्यावर काम करत होते. डोळ्यांनी शोधून दाबत होते तोवर नीट होतं. मुलीने उंचवटा दिला आणि बोटं जुन्या घरात शिरली. घर उलटं बांधलेलं, हे बोटांना कुणी सांगितलंच नव्हतं."

मधली ओळ दोन्हीकडे तीच. त्या केंद्रात चाळीस ते एकोणसत्तर किलोंचीच माणसं जास्त, म्हणजे पहिला आकडा चार, पाच किंवा सहा. तो कधी चुकायचा नाही. किलोचा आकडा चुकला तर टेक्निशियनच्या लक्षात यायचं आणि हशा व्हायचा. पण टिंबानंतरचा चुकला तर? सहाशे ग्रॅम. तीन पेले पाणी. हसू यायला ते फार थोडं आणि रक्तातून काढायला फार जास्त. माझ्या ॲपमध्ये वेडेवाकडे आकडे अडवायची सोय होती. यांतला एकही आकडा तिने अडवला नसता.

ताई औषधांच्या खोलीत गेल्या आणि दार लोटून उभ्या राहिल्या. भिंतीपलीकडे चौदा यंत्रं घुं घुं करत पाणी ओढत होती आणि ती किती ओढतायत हे त्यांच्या बोटांनी ठरवलं होतं. आता सांगितलं तर नोकरी गेली. दुसऱ्याच आठवड्यात चाचणी आपोआप संपली. नाही सांगितलं तर? कुणाला कळणार नव्हतं. चिठ्ठ्या नव्हत्याच. उद्यापासून खाली बघून दाबायचं. आज कुणाला गरगरलं तर सिस्टर म्हणतील, होतं असं.

"सात मिनिटं उभी होते," त्या म्हणाल्या. "भिंतीवर घड्याळ होतं. तेवढ्यात कुणाला काही झालं असतं तर मी काय केलं असतं, हे मला अजून माहीत नाही."

मग त्या बाहेर आल्या आणि सिस्टरच्या टेबलापाशी जाऊन म्हणाल्या, "सिस्टर, सकाळची वजनं चुकली आहेत. सगळी नाही. कुठली ते मला माहीत नाही."

सिस्टरने पेन खाली ठेवलं. "माहीत नाही म्हणजे?"

"मध्येच खाली बघून दाबलं असेल तर बरोबर. काट्याकडे बघत दाबलं असेल तर चूक. केव्हा बघितलं ते आठवत नाही."

मामांना बोलावलं. ते हात जोडून म्हणाले, "मी रेडिओ आहे सिस्टर. बोललो की गेलं."

सुया लागलेल्या माणसांना पुन्हा काट्यावर उभं करता येत नाही. सिस्टरने आधी सगळ्या यंत्रांचं पाणी काढणं बंद ठेवायला सांगितलं. मग ताईच म्हणाल्या, "त्यांना विचारू. त्यांना पाठ असतं." तीन जणांच्या आकड्यांत चार-पाच-सहाशिवाय काहीच नव्हतं, ते सुटले. उरलेल्या अकरांपाशी त्या एकेक करून गेल्या. आवाज साधा ठेवायचा होता, घाबरवायचं नव्हतं.

"दादा, आज काटा किती म्हणाला?"

"बासष्ट एक. का हो?"

टॅबलेटवर ६८.७ नव्हतं, ६२.७ होतं. म्हणजे एकाच माणसाच्या आकड्यात अर्धी नजर वर, अर्धी खाली. टेक्निशियन शेजारीच होता. त्याने यंत्रावर आकडा बदलला आणि या वेळी काही विनोद केला नाही.

दहा जणांनी सांगितलं. त्यांत सहा चुकीचे निघाले. अकरावे एक आजोबा. अर्धांगाच्या झटक्यानंतर त्यांची वाचा गेलेली. टॅबलेटवर ६५.७. ताई त्यांच्यासमोर वाकल्या. "आजोबा, पासष्ट एक की पासष्ट सात? एक असेल तर एकदा डोळे मिटा." आजोबांनी डोळे मिटले. मग पुन्हा मिटले. मग ते नुसतेच मिटून राहिले, झोपले. सिस्टर म्हणाल्या, "कमी धरा. उरलेलं शनिवारी काढू." त्या दुपारी ताई जेवल्या नाहीत. आजोबांचा मुलगा त्यांना न्यायला आला तोवर त्या खाटेजवळ स्टूल टाकून बसल्या होत्या.

मला दोन वाजता फोन आला. मी धावत गेलो आणि चाळीस मिनिटांत आकड्यांची पाटी संगणकासारखी करून दिली, वर सात-आठ-नऊ. मोठी कामगिरी केल्यासारखं वाटत होतं. संध्याकाळच्या पाळीत टेक्निशियन पोरं चुकायला लागली. त्यांची बोटं मोबाइलवर वाढलेली. मग मी कोपऱ्यात एक बटण दिलं, हवी ती मांडणी निवडा.

ताई म्हणाल्या, "ते बटण काढ."

"का? तुमच्याचसाठी केलंय."

"कुणीतरी ते बदलून जाईल आणि मी काट्याकडे बघत असेन. एकच ठेव. त्यांची ठेव. मी शिकते."

मी काढलं. पहिल्या दिवशी त्यांनी उंचवट्याबद्दल विचारलं होतं तेव्हाच मी एक प्रश्न उलट विचारला असता, की तुम्हाला उंचवटा कशाला लागतो, तर पुढचं सगळं टळलं असतं. मी हसलो होतो.

साहेब रागावले नाहीत. "शेवटी माणूसच चुकतो," एवढंच म्हणाले. टॅबलेट राहिले. ते राहणारच होते. कागदापेक्षा ते बरे आहेत असं मला आजही वाटतं. मामांना पुन्हा चिठ्ठी लिहायला सांगितलं, पडताळ्यासाठी. संगणकाचं टेबल पुढच्या सोमवारी उचललं. टेबल होतं तिथे फरशीवर चार पांढरे ठिपके राहिलेत. ताईंचं काय करायचं ते महिनाअखेरीस बघू, असं साहेबांनी सांगितलंय. महिनाअखेर अजून नऊ दिवसांवर आहे.

परवा मी गेलो होतो तेव्हा त्या काट्यापाशी उभ्या होत्या. डाव्या हाताच्या एका बोटाने आकडा शोधत, दाबत, पुन्हा चिठ्ठीशी ताडून बघत. उजवा हात पाठीमागे कमरेशी धरलेला. चिकटपट्टीचा तुकडा त्यांनी नखाने खरवडून काढलाय.

काम संपल्यावर त्यांनी मला कोपऱ्यात नेलं आणि टॅबलेटवर एक पान उघडून दाखवलं. कोडेवाल्या काकू. सोमवार, ४६.८.

"खरंच शेहेचाळीस आठ असेल तर माझा काही दोष नाही," त्या म्हणाल्या. "शेहेचाळीस दोन असेल तर मी केलं. मामांना आठवत नाही. मी मुलाला सहा वेळा फोन लावला, तो उचलत नाही. तिकडे त्या कशा आहेत तेही कुणी सांगत नाही."

मी म्हटलं, आता त्याने काय फरक पडणार आहे.

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग पुन्हा त्या आकड्याकडे. उजवा हात पाठीमागेच होता.

"तुमच्या ह्यात सगळं साठवलेलं असतं म्हणतोस ना," त्या म्हणाल्या. "मग एवढं बघून सांग. दाबलं तेव्हा मी खाली बघत होते का?"